नवा लॅपटॉप, नवी चिप आणि ‘नंतर वाचू’चं रुसलेलं ॲप

गेल्या दिवाळीत सांगलीच्या मामांनी नवा मॅकबुक एअर घेतला आणि चौथ्या दिवशी फोन आला. “अरे, माझं वाचायचं ॲप उघडतच नाही. चित्रावर गोल आणि तिरकी रेघ आलीय, नो पार्किंगच्या पाटीसारखी. दुकानदार म्हणतो, नव्या प्रोसेसरवर जुनं काही चालत नाही.”

असे फोन मला वर्षातून चार-पाच तरी येतात. ॲप वेगळं, चिप वेगळी, तक्रार तीच. म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवतो.

‘नंतर वाचू’ची ॲप म्हणजे आता बंद झालेलं पॉकेट, इन्स्टापेपर, वॉलाबॅग या कुळातली. लेख दिसला, बटण दाबलं, जाहिराती गाळून मजकूर जतन झाला. मग एसटीत, विमानात किंवा लाइट गेल्यावर निवांत वाचायचा. मामांनी बारा वर्षांत रविवारच्या पुरवण्यांतले आणि ऑनलाइन दिवाळी अंकांतले शेकडो लेख असे गोळा केले होते. त्यामुळे त्यांच्या लेखी ॲप उघडत नाही म्हणजे कपाटाची किल्ली हरवली.

मी पहिला प्रश्न विचारला, “मामा, जुना लॅपटॉप कुठंय?”

“आहे की कपाटात. परवा एक्स्चेंजमध्ये देणार होतो.”

“देऊ नका. देवासारखा सांभाळा.”

दोष चिपचा की सिस्टिमचा?

इथेच निम्म्याहून जास्त लोक चुकतात. मामांचा जुना लॅपटॉप इंटेलच्या चिपचा होता आणि त्यावर मॅकओएस मोहावे ही सिस्टिम होती. त्यांचं ॲप निघालं ३२-बिटांचं, म्हणजे जुन्या बांधणीचं. ॲपलने ३२-बिट ॲप चालवणं बंद केलं ते मोहावेच्या पुढच्या कॅटलिना आवृत्तीत, ऑक्टोबर २०१९ मध्ये. पहिली एम१ चिप जाहीर झाली १० नोव्हेंबर २०२० ला. म्हणजे हे ॲप गेलं तेव्हा नवी चिप बाजारात यायची होती. मामांनी जुन्याच लॅपटॉपवर कॅटलिना टाकली असती, तरी तीच तिरकी रेघ दिसली असती. बरं, मोहावेमध्ये अधूनमधून एक सूचना यायची की या ॲपच्या निर्मात्याने ते अद्ययावत करायला हवं. मामा ती इमानेइतबारे ‘ओके’ म्हणून घालवत आले.

तेव्हा ॲप बंद पडलं की आधी पाहायचं की सिस्टिमची आवृत्ती किती उड्या मारून पुढे गेली आहे. पाच वर्षांनी लॅपटॉप बदलला की चिप आणि सिस्टिम एकदमच बदलतात, आणि खापर मात्र चिपवर फुटतं.

जुनं यंत्र हाताशी असेल तर तिथे ॲप उघडून यादी बाहेर काढायची, म्हणजे एक्स्पोर्ट करायची. बाकी सगळी डोकेफोड नंतर. यादी पेनड्राइव्हवर आली की पुढचं काहीही बिघडलं तरी चालतं.

तुमची चिप कोणती, हे डोळ्यांनी पाहा

मॅकवर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर टिचकी मारून ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. तिथे ‘चिप’ अशी ओळ असेल आणि पुढे ॲपल एम-काहीतरी लिहिलं असेल, तर ती नवी, एआरएम घराण्यातली, म्हणजे आयफोनच्या चिपसारख्या आखणीची. ‘प्रोसेसर’ अशी ओळ आणि पुढे इंटेल असेल तर जुनी.

विंडोजवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जा आणि ‘सिस्टिम टाइप’ वाचा. शेवटी ‘एआरएम-बेस्ड प्रोसेसर’ आहे की ‘एक्स६४-बेस्ड’, म्हणजे इंटेल-एएमडीच्या घराण्यातला, एवढंच बघायचं. लॅपटॉपवर चिकटवलेल्या पट्टीवर विसंबू नका. ‘कोपायलट प्लस’ अशी पट्टी जून २०२४ मध्ये आलेल्या, स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम चिपच्या लॅपटॉपवर असते आणि पुढे आलेल्या इंटेल व एएमडीच्या काही लॅपटॉपवरही असते. पट्टी तीच आणि आतलं घराणं निराळं.

दुभाषा मध्ये असतो, आणि तो सांगत नाही

इंटेलच्या चिपसाठी बांधलेलं ॲप एआरएमच्या चिपला थेट कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो. मॅकवर त्याचं नाव रोझेटा २. इंटेलचं ॲप पहिल्यांदा उघडताना मॅक विचारतो की रोझेटा बसवायची का. इंटरनेट असेल तर मिनिटाभरात बसते, आणि पुन्हा कधी विचारणा होत नाही. लॅपटॉप पुसून सिस्टिम नव्याने टाकली की मात्र रोझेटाही जाते. ‘फॉरमॅट मारल्यापासून ॲप चालेना’ या तक्रारीत बऱ्याचदा एवढंच असतं.

रोझेटाचं काम चोख आहे. ॲप पहिल्यांदा उघडताना सगळा कोड भाषांतर करून ठेवते, म्हणून पहिल्या वेळी चार क्षण जास्त लागतात आणि पुढे फरक जाणवत नाही. पण आपल्या या कुळातली बरीच ॲप इलेक्ट्रॉनवर बांधलेली असतात. म्हणजे आत एक अख्खा ब्राउझर दडलेला. अशी ॲप चालता चालता नवा कोड तयार करतात, आणि त्याचं भाषांतर आधी करून ठेवता येत नाही. दुभाष्याला तिथल्या तिथे बोलावं लागतं. मग लेखांची यादी सरकवताना अडखळते, मांडीवरचा लॅपटॉप कोमट होतो, बॅटरी उतरते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी स्वतः एक वाचनाचं ॲप जवळपास दीड वर्ष दुभाष्यामार्फत चालवत होतो आणि मला पत्ता नव्हता. एकदा पंखा नसलेला लॅपटॉप तापलेला पाहून ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडला. सीपीयूच्या टॅबमध्ये ‘काइंड’ नावाचा रकाना आहे. दिसत नसेल तर रकान्यांच्या शीर्षकावर उजवी टिचकी मारून तो चालू करता येतो. सगळ्या ओळींपुढे ‘ॲपल’, आणि माझ्या लाडक्या ॲपपुढे ‘इंटेल’.

आता मी तर ते नव्या लॅपटॉपवरूनच उतरवलं होतं, मग इंटेलचं कसं आलं? तर गंमत अशी की मॅकवरचे सफारी, क्रोम, फायरफॉक्स हे सगळे ब्राउझर संकेतस्थळाला आपली ओळख अजूनही ‘इंटेल मॅक’ अशीच करून देतात. चिप एम१ असो की एम४. जुनी संकेतस्थळं बिघडू नयेत म्हणून ती ओळख गोठवून ठेवलेली आहे. डाउनलोडचं पान भाबडं असेल तर ते त्या ओळखीवर विश्वास ठेवून इंटेलची आवृत्ती हातात देतं. विंडोजच्या एआरएम लॅपटॉपवरही तेच: तिथले ब्राउझर स्वतःला ‘एक्स६४’ म्हणवतात. म्हणून मोठ्या, ठळक बटणावर जाऊ नका. त्याखाली बारीक अक्षरात ‘इतर आवृत्त्या’ असतात, त्यात ‘ॲपल सिलिकॉन’, ‘युनिव्हर्सल’ किंवा ‘एआरएम६४’ शोधा. इलेक्ट्रॉनमध्ये ॲपल सिलिकॉनची सोय नोव्हेंबर २०२० च्या ११ व्या आवृत्तीपासून आहे, तेव्हा ज्या ॲपची देखभाल चालू आहे त्याची नवी आवृत्ती बहुधा मिळते.

ॲप न उघडताही कळतं. ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये ते निवडून ‘गेट इन्फो’ करा. ‘काइंड’पुढे ‘युनिव्हर्सल’ असेल तर दोन्ही चिपांसाठीचा कोड आत आहे, ‘ॲपल सिलिकॉन’ असेल तर फक्त नव्यासाठी, ‘इंटेल’ असेल तर दुभाष्याची गरज. त्याच खिडकीत युनिव्हर्सल ॲपला ‘ओपन युझिंग रोझेटा’ अशी एक चौकट असते. कुणीतरी कधीतरी काहीतरी दुरुस्त करताना तिथे बरोबरची खूण केलेली असते आणि मग विसरलेलं असतं. ती काढा, ॲप बंद करून पुन्हा उघडा. माझ्या अनुभवात ‘युनिव्हर्सल आहे तरी मंद चालतंय’ याचं सर्वांत सोपं उत्तर हेच निघतं.

आवृत्ती बदलताना जरा जपून. ॲप कचऱ्यात टाकलं तरी तुमचे लेख लायब्ररी फोल्डरमध्ये वेगळे असतात, ते जात नाहीत. पण ‘उरलंसुरलं साफ करणारी’ सफाई ॲप वापराल, तर ती लेखांसकट सगळं झाडून नेतात. आणि संकेतस्थळावरून घेतलेली आवृत्ती व ॲप स्टोअरची आवृत्ती यांचे कप्पे बहुतेक वेळा वेगळे असतात. एकीवरून दुसरीवर गेलात आणि यादी रिकामी दिसली, तर घाबरू नका. जुना कप्पा जागेवरच आहे, नवं ॲप तिथे बघत नाहीये. खात्यावर लॉगिन असेल तर यादी पुन्हा उतरते. खातं नसलेलं, सगळं फक्त लॅपटॉपवर ठेवणारं ॲप असेल, तर आधी एक्स्पोर्ट, मग अदलाबदल.

आयपॅडचं ॲप मॅकवर

एम चिपच्या मॅकवर आयफोन-आयपॅडची ॲप थेट चालतात, कारण घराणं एकच. त्यामुळे उलटाच प्रकार सुरू झाला: जुन्या मॅकवाल्यांची पंचाईत. पॉकेटने २०२३ मध्ये मॅकसाठीचं आपलं जुनं ॲप बंद करून त्याऐवजी आयपॅडचं ॲप पुढे केलं. ते फक्त एम चिपांवर चालायचं, आणि इंटेलच्या मॅकवाल्यांना ब्राउझरमध्ये वाचा म्हणून सांगितलं गेलं. निर्मात्याच्या बाजूने बघितलं तर एकाच ॲपची देखभाल परवडते. पण तीन वर्षांपूर्वी घेतलेला, ठणठणीत इंटेल मॅक हातात असलेल्या माणसाला ‘तुमचा संगणक चालणार नाही’ हे ऐकून काय वाटलं असेल!

असं ॲप ओळखायचं तर ॲप स्टोअरच्या पानावर खाली ‘कम्पॅटिबिलिटी’ उघडून मॅकपुढची ओळ शब्दन्‌शब्द वाचा. ‘मॅकओएस ११ किंवा पुढची, आणि एम१ किंवा पुढची चिप असलेला मॅक’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते आयपॅडचं ॲप आहे. काहींवर ‘नॉट व्हेरिफाइड फॉर मॅकओएस’ असा शेरा असतो, म्हणजे निर्मात्याने मॅकवर तपासून पाहिल्याचं सांगितलेलं नाही. चालेल, पण त्याच्या भरवशावर प्रवासाला निघू नका. आणि शोधूनही ॲप सापडत नसेल तर निर्मात्याने ते मॅकसाठी बंद ठेवलेलं असू शकतं. तो हक्क त्याला आहे, आणि तिथे आपल्या हातात काही नाही.

ब्राउझरच्या एक्स्टेन्शनचं लोक विनाकारण टेन्शन घेतात. क्रोम आणि फायरफॉक्सची एक्स्टेन्शन जावास्क्रिप्टमध्ये असतात, चिपशी त्यांचा संबंध नाही. बटण दिसत नसेल तर ते पुन्हा बसवा, लॉगिन करा, संपलं. सफारीचं एक्स्टेन्शन मात्र ॲपच्या पोटात बसून येतं, म्हणून ॲप काढलं की तेही जातं.

विंडोज, आणि वहिनींचं ‘ळ’

विंडोज ११ एआरएमवर इंटेल-एएमडीसाठीची ६४-बिट ॲपही भाषांतर करून चालवते. विंडोज १० फक्त ३२-बिटांची चालवायची. २४एच२ या आवृत्तीपासून प्रिझम नावाचा नवा दुभाषा आला आणि वेग बराच सुधारला. टास्क मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये ‘आर्किटेक्चर’ हा रकाना चालू केला की कोण थेट चालतंय आणि कोण दुभाष्यामार्फत, हे ओळीओळीने दिसतं. पहिली नजर ब्राउझरवर टाका, कारण विंडोजवर आपलं बहुतेक वाचन तिथेच होतं. क्रोमची एआरएमसाठीची आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली, फायरफॉक्सची त्याच्याही आधी. रकान्यात क्रोमपुढे एक्स६४ दिसलं, तर ते काढून एआरएम६४ची आवृत्ती बसवा. वाचनाचं ॲप मंद नव्हतंच, ब्राउझर मंद होता, असं अनेकदा निघतं.

पण वहिनींचा घोळ वेगळा होता. त्या लेखांना मराठीत टॅग लावतात: ‘पाककृती’, ‘इतिहास’, ‘शाळा’. नव्या स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये टाइप केलं तर इंग्रजी अक्षरं उमटायची, ब्राउझरमध्येही तेच, आणि एका जुन्या ॲपमध्ये मात्र झकास मराठी. ‘शाळा’ शोधायला गेल्या की ‘ळ’च येईना. “भावजी, ॲपच खराब आहे,” हा त्यांचा निष्कर्ष.

ॲप बिचारं निर्दोष होतं. त्यांनी जुन्या लॅपटॉपवरचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणून बसवलं होतं. असं सॉफ्टवेअर प्रत्येक चालू ॲपच्या आत आपला एक तुकडा घुसवून काम करतं. इंटेलसाठी बांधलेला तुकडा एआरएमच्या थेट चालणाऱ्या ॲपमध्ये शिरूच शकत नाही. जुनं ॲप दुभाष्यामार्फत चालत होतं, म्हणून तिथे तो शिरला. नव्या लॅपटॉपवर जे ॲप जास्त चांगलं चालतंय, तिथेच मराठी बंद! मायक्रोसॉफ्टनेही अशी इनपुटची साधनं एआरएमवर अडू शकतात हे सांगून ठेवलं आहे. प्रिंटर-स्कॅनरच्या ड्रायव्हरचंही तसंच. त्यांना दुभाषा चालत नाही, एआरएमसाठी बांधलेलेच लागतात.

उपाय दोन मिनिटांचा. ते सॉफ्टवेअर काढलं आणि सेटिंग्जमधून भाषेत मराठी घेऊन विंडोजचा स्वतःचा ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड चालू केला. तो २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. हाताला वळण पडायला वहिनींना आठवडा लागला, एवढीच किंमत.

ज्यांनी घरी रास्पबेरी पायवर वॉलाबॅग मांडलंय त्यांच्यासाठी एकच ओळ: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली की तुम्ही इंटेल-एएमडीसाठीची डॉकर इमेज एआरएमवर उतरवली आहे. इमेजच्या पानावर एआरएम६४ आहे का पाहा, आणि पायवरची सिस्टिम ३२-बिटांची तर नाही ना, हेही पाहा. चिप ६४-बिट असून वर सिस्टिम ३२-बिट, हा घोळ फार जणांच्या घरी आहे.

आज चालतंय म्हणून

ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलंय की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण मिळेल, त्यानंतर काही जुन्या खेळांपुरती उरेल. इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची सिस्टिम मॅकओएस २६, म्हणजे टाहो. तेव्हा ‘काइंड’पुढे आजही फक्त ‘इंटेल’ दिसणारं ॲप असेल, तर सिस्टिमची पुढची मोठी आवृत्ती टाकण्याआधी त्याची सोय लावा. दोन वर्षांत ज्याची नवी आवृत्ती आली नाही, त्याचा निर्माता आता बदल करील अशी आशा मी तरी धरत नाही.

आणि चिप जुळूनही उपयोग नसतो, असंही होतं. ऑम्निव्होर हे याच कुळातलं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झालं. पॉकेट ८ जुलै २०२५ ला. कितीही नवा लॅपटॉप घ्या, जे दुकानच उठलं तिथे काय जुळवायचं? ज्यांनी पॉकेटमधून यादी काढली त्यांच्या हाती दुवे, शीर्षकं, टॅग आणि तारखा आल्या. लेखांचा मजकूर त्यात नव्हता. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत हे फार झोंबतं, कारण संकेतस्थळाची नवी रचना झाली की जुने दुवे सर्रास मरतात.

म्हणून खरोखर जपायचे पाच-पंचवीस लेख मी ब्राउझरमधून अख्खं पान म्हणून जतन करतो. पीडीएफ नाही. पीडीएफमधून देवनागरी मजकूर पुन्हा कॉपी करायला गेलं की जोडाक्षरं आणि वेलांट्या भलतीकडे उडतात, शोधही धड लागत नाही. वाचायला पीडीएफ ठीक, पण पुढे उतारा घ्यायचा असेल तर एचटीएमएलच बरं.

मामांकडे मी महिनाभराने गेलो तेव्हा कपाटातला लॅपटॉप काढला. बॅटरी फुगली नव्हती हे नशीब. ॲप उघडलं, यादी काढली: ६१२ दुवे. नव्या लॅपटॉपवर दुसऱ्या ॲपमध्ये घातले. दीडशेच्या वर मेलेले निघाले, पण त्यांचा मजकूर जुन्या लॅपटॉपवर शाबूत होता, तो एकेक करत दोन संध्याकाळी उतरवला. सगळ्यात तळाशी २०१३ चा एक लेख होता, कृष्णेच्या पुरावरचा. मी विचारलं, “मामा, हा कसा आहे?”

“कुणास ठाऊक,” मामा म्हणाले. “अजून वाचायचाय.”